‘झालं’च्या रकान्यातली बस

सासरे : …आणि सहावी ओळ. "टाकीजवळचे चारही दिवे लागले." वाचायलाच किती बरं वाटतं बघ. चारही! एकसुद्धा मिणमिणता नाही.

नगरसेविका : मामंजी, सकाळपासून तिसऱ्यांदा वाचताय. तुम्हीच जुळवलेलं, तुम्हीच छापून आणलेलं.

सासरे : मग? अडतीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले ते सगळे दुसऱ्यांचे. पत्रिका, पावत्या, औषधांची लेबलं. निवडणुकीची आश्वासनं तर पोत्यानं. घरच्या माणसाचं पत्रक जुळवायला सत्तरी उलटावी लागली. वाचणारच मी. तू चहा घे आधी, निवतोय.

नगरसेविका : चहा कसला घेऊ! फोन बघा माझा. काल संध्याकाळी पत्रकं वाटली आणि आज आठच्या आत सतरा फोन. खालच्या आळीतली शिंपीणबाई म्हणते, "अभ्यासिकेत माझी लेक आठपर्यंत बसली, कोणी उठ म्हटलं नाही." आणि तो आपला पोस्टमन! तो काय म्हणाला सांगू? "बाई, पत्रक वाचलं, मग खिडकीतून बाहेर बघितलं, आणि दोन्ही सारखंच निघालं. असं आयुष्यात पहिल्यांदा झालं." मामंजी, मला ना, नाचावंसं वाटतंय!

सासरे : नाच की. चष्मा काढून ठेवतो मी.

नगरसेविका : हसू नका. अकरा वर्षं मी विजेच्या तक्रारींचे फोन उचलले. "काम चालू आहे, काम चालू आहे," म्हणून म्हणून जिभेला घट्टे पडले. चालू कुठे असायचं? तेव्हाच ठरवलं होतं, कधी आपल्या हातात काही आलं, तर कोणी वापरल्याशिवाय ‘झालं’ म्हणायचं नाही. नळ बसला म्हणजे झालं नाही…

सासरे : …कोणाची तरी बादली भरली म्हणजे झालं. आणि दिवा लावला म्हणजे नाही, त्याच्या उजेडात कोणीतरी धड घरी पोचलं म्हणजे. पाठ आहे गं मला. झालं, चाललंय, अडलंय. तीन रकाने, आणि चौथी भानगड नाही.

नगरसेविका : द्या इकडे. वाटण्याच्या गडबडीत मी नीट बघितलंसुद्धा नाही. वा! कागद छान आहे हो. ठसठशीत. "गटाराची झाकणं बसली." बसली! "दवाखान्यात नर्स रोज येते." येते! "पाळणाघर सहापर्यंत." "वरच्या आळीची बस सुरू झा…"

सासरे : काय झालं?

नगरसेविका : मामंजी.

सासरे : अगं, काय?

नगरसेविका : ही बस इथे काय करतेय?

सासरे : कुठली बस?

नगरसेविका : ही! ‘झालं’च्या रकान्यातली! मी ती ‘चाललंय’मध्ये लिहून दिली होती. "सोमवारपासून" म्हणून लिहिलं होतं. आज गुरुवार आहे, मामंजी!

सासरे : हां. ती होय. त्याचं असं झालं…

नगरसेविका : कसं झालं?

सासरे : ‘झालं’मध्ये सात ओळी होत्या, आणि ‘चाललंय’मध्ये नऊ. एक रकाना गुडघ्यापर्यंत, एक घोट्यापर्यंत. एक बाही लांब अन् एक आखूड असा सदरा घालून कोणी बाहेर पडतं का? मला बघवेना. म्हटलं, एक ओळ इकडची तिकडे. आठ-आठ. पट्टी लावून बघ, केसाचाही फरक नाही.

नगरसेविका : आणि उचलायला तुम्हाला बसच सापडली?

सासरे : लांबीला तीच बसत होती. बाकीच्या दुमडत होत्या. "सोमवारपासून" काढलं आणि चपखल बसली. म्हटलं, चार दिवसांवर आलीय, म्हणजे झाल्यातच जमा.

नगरसेविका : झाल्यातच जमा! मामंजी, हेच आधीचे म्हणायचे! पंधरा वर्षं! पूल झाल्यातच जमा, दवाखाना झाल्यातच जमा, आणि लोक चिखलातच! मी त्याच एका गोष्टीवर निवडून आले. अकराशे घरांत हा कागद गेलाय. अकराशे घरांत मी खोटं सांगितलंय.

सासरे : तू नाही. मी.

नगरसेविका : खाली नाव माझं आहे.

सासरे : चुकलं गं माझं. अडतीस वर्षांत एक काना चुकला नव्हता, आणि… थांब, फोन वाजतोय तुझा. घे. अभिनंदनाचाच असेल.

नगरसेविका : हॅलो. हो मावशी, मीच बोलतेय… कुठे? थांब्यावर? कुठल्या थांब्यावर?… तो नवा खांब लावला तिथे?… कधीपासून?… साडेसातपासून! आणि कोण कोण आहे?… बाराजण?… नाही, नाही मावशी, ऐका… आज? आजच आहे? साडेदहाला?… हो. हो. बसा तिथेच. येते मी.

सासरे : कोण गं?

नगरसेविका : वरच्या आळीतली मावशी. काजं-बटणं करते ती. बाराजण थांब्यावर बसलेत, बसची वाट बघत.

सासरे : अरे देवा.

नगरसेविका : आणि आज तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. साडेदहाला, खालच्या मोठ्या दवाखान्यात. दोनदा तारीख हुकलीय तिची. वरच्या आळीतून खाली दोनशे बेचाळीस पायऱ्या, आणि डोळ्यांसमोर सगळं धुकं. एकदा अर्ध्यातून परत गेली, एकदा पडली. आज गेली नाही तर पुढची तारीख चार महिन्यांनी. सुईत दोरा ओवायला शेजारच्या घरी जाते हो ती. काजं करणारी बाई!

सासरे : रिक्षा बघू का?

नगरसेविका : कोण येतंय वर? चढ बघितला की रिक्षावाल्यांना एकदम जेवायची आठवण होते. आणि ऑपरेशननंतर डोळ्याला पट्टी बांधून त्या पायऱ्या ती चढणार कशी? म्हणून तर बस हवी होती. नाहीच जमलं काही, तर मी तिला खुर्चीत बसवून उतरवीन. पण आधी बस. किती वाजले?

सासरे : साडेआठला पाच कमी.

नगरसेविका : डेपोच्या साहेबांचा नंबर… हा. तुम्ही शांत बसा हं मामंजी. मला माझा जुना आवाज काढायचाय.

सासरे : तक्रारवाला?

नगरसेविका : तोच. हॅलो! नमस्कार साहेब, मी नगरसेविका बोलतेय. एक विचारायचं होतं. आमची छोटी बस डेपोत आली ना?… धुऊन उभी आहे. छान! चढाची चाचणी झाली म्हणे?… मंगळवारी. वाळूची पोती भरून, तीनदा चढली. शाबास तिची! त्या कागदावर सही?… तीही झाली. ड्रायव्हर?… नेमलाय. मग साहेब, राहिलं काय?

सासरे : काय म्हणतो?

नगरसेविका : फीत राहिलीय म्हणे… हो साहेब, ऐकतेय… अध्यक्ष सोमवारी मोकळे आहेत, म्हणून सोमवार. बरोबर. मग फीत सोमवारीच कापू की आपण. तोरण बांधू, फोटो काढू. पण बसला ती फीत काही दोरखंडासारखी बांधलेली नाहीये ना? आज तिला चालता येईल?… नाही, मी ओरडत नाहीये. माझा आवाजच असा आहे, अकरा वर्षं खराब लाइनवर बोललेय मी.

सासरे : सांग, पत्रकात छापून गेलंय म्हणून. नको, नको सांगूस. चूक कबूल केलीस तर डोक्यावर मिरे वाटतील.

नगरसेविका : साहेब, खरं सांगते. चूक आमच्याकडून झाली. बस सुरू झाली असं पत्रकात छापलं गेलं. तुमचा काही दोष नाही, हे मी लिहून देईन. पण बारा माणसं थांब्यावर बसलीत, आणि त्यांतल्या एकीला साडेदहाला ऑपरेशनच्या टेबलावर पोचायचंय… अध्यक्षांना विचारावं लागेल? विचारा ना. मी थांबते… नाही, ठेवत नाही, धरून बसते. मी लोकांना चाळीस-चाळीस मिनिटं फोन धरायला लावलाय साहेब, आता माझी पाळी.

सासरे : काय गं धीट झालीस तू!

नगरसेविका : धीट कसली, घाबरलेय मी. पण मजा पण येतेय हो. असं कसं?

सासरे : जळत्या घरातून सामान काढताना येतो तो जोर असतो तो. मलाही येतोय. चपला घालू का मी?

नगरसेविका : घाला. हां साहेब, आहे, आहे… काय म्हणाले अध्यक्ष?… फोटोत बस फुलांनी सजलेली हवी, बाकी काही नाही? सजवू! चाकांनासुद्धा फुलं घालू!… लेखी पत्र? आज दुपारपर्यंत तुमच्या टेबलावर… ड्रायव्हर कुठे आहे?… म्हणजे नक्की ना?… बरं. पण मागच्या रस्त्यानं चढायला सांगा हं, पुढच्या रस्त्यावर खोदून ठेवलंय. ‘अडलंय’च्या रकान्यात आहे तो. ठेवते.

सासरे : येतेय? येतेय ना?

नगरसेविका : ड्रायव्हर दुसऱ्या गाडीवर गेलाय. तो परत आला की बघतो, म्हणाले.

सासरे : बघतो म्हणजे?

नगरसेविका : त्या एका शब्दावर मी अकरा वर्षं नोकरी केलीय मामंजी, अजून मला त्याचा अर्थ कळलेला नाही. चला. वर जाऊन लोकांना तोंड तर दाखवू.

(वरच्या आळीचा थांबा. नवा रंगवलेला खांब, शेजारी लाकडी बाक, बाकावर आणि कठड्यावर बसलेली माणसं. सव्वानऊ.)

मावशी : कोण ते धापा टाकतंय? जुळारीबुवा काय?

सासरे : मीच. दोनशे… दोनशे बेचाळीसच आहेत हो. मोजल्या मी.

मावशी : मग, मी काय जास्त सांगते? तेवीस वर्षं रोज मोजतेय. बसा इथे. त्यांना जागा द्या रे जरा. आणि पोर कुठाय?

नगरसेविका : इथेच आहे मावशी. बसत नाही मी. मला आधी काहीतरी सांगायचंय, सगळ्यांनाच. जरा ऐका हं. काल तुम्हाला जो कागद मिळाला, त्यात चूक आहे. बस सुरू झालेली नाही. सोमवारी होणार होती. डेपोला फोन केलाय, पाठवायचं बघतो म्हणालेत, पण येईलच असं मी सांगू शकत नाही. तुम्ही माझ्या शब्दावर दोन तास बसलात. मला फार वाईट वाटतंय.

सासरे : थांब. चूक तिची नाही, माझी आहे. तिनं बरोबर लिहून दिलं होतं. रकाने सारखे दिसावेत म्हणून मी बसची ओळ इकडची तिकडे टाकली. म्हाताऱ्याची खोड.

मावशी : माहीत आहे.

सासरे : रकान्यांचं?

मावशी : रकाने-बिकाने मला काय ठाऊक! बस सुरू झाली नाही ते माहीत आहे. अहो, माझं घर त्या रस्त्याला टेकलेलं. डोळे गेलेत माझे, कान नाही गेले. मंगळवारी गाडी तीनदा वर आली, तीनदा खाली गेली. नातीला विचारलं, कोण बसलंय गं आत? म्हणाली, वाळूची पोती. म्हटलं, बरं आहे, आधी पोत्यांचा मान. त्यानंतर गाडी फिरकली नाही.

नगरसेविका : मग तुम्ही साडेसातपासून इथे येऊन बसलात कशासाठी?

मावशी : काल नातीनं तुझा कागद वाचून दाखवला. म्हटलं, ही पोर खोटं लिहीत नाही. मग एकतर हिचं काहीतरी चुकलंय, नाहीतर गाडी सकाळी येणार आहे. दोन्हीकडून फायदा आपलाच! म्हणून मग दारोदार हाका मारल्या. हे गवंडीभाऊ, ही दूधवाली, तिच्या दोन्ही जावा. म्हटलं, चला थांब्यावर. रिकाम्या थांब्याला कोण गाडी पाठवतंय? बाराजण बसलेत असं कळलं, तर कोणीतरी हलेल.

नगरसेविका : म्हणजे तुम्ही मला फोन केलात तेव्हा…

मावशी : तेव्हा तुला हलवत होते.

सासरे : अहो, कमाल आहे तुमची!

मावशी : कमाल कसली? आधीच्यांनी पंधरा वर्षं छापलं, हे आलं, ते आलं. कोणी जाऊन बसलं का थांब्यावर? त्या कागदांच्या पुड्या बांधल्या आम्ही. तुझा कागद होता म्हणून आलो. एकदा लिहिलंयस ना ‘झालं’ म्हणून? मग आता सगळ्यांनी मिळून ते खरं करायचं. तू एकटी खोटी पडलीस, तर मत देणारे आम्ही काय शहाणे ठरणार आहोत?

नगरसेविका : मावशी, मला…

मावशी : रडू नकोस. मला दिसत नाही, फुकट जाईल.

सासरे : साडेनऊ झाले. सूनबाई, खुर्ची आणू का वरच्या घरातून? गवंडीभाऊ आणि मी मिळून उतरवू मावशींना.

नगरसेविका : दहा मिनिटं थांबू. दहाच. मग खुर्ची. मावशी, उशीर नाही होऊ द्यायची मी, काही झालं तरी.

मावशी : गप्प बसा जरा.

नगरसेविका : काय झालं?

मावशी : गप्प म्हणते ना. दूधवाले, किटल्या वाजवू नकोस. ऐका.

सासरे : मला तर काही ऐकू येत नाही.

मावशी : तुमचे कान छापखान्यानं खाल्ले. वळणावर आहे. आता गिअर बदलला… हां. मंगळवारचीच आहे. पण आवाज हलका आहे. पोती नाहीत आज!

नगरसेविका : मामंजी! मामंजी, ती बघा, झाडांमधून! निळी! अहो, निळी आहे! कोणी सांगितलंच नाही निळी आहे म्हणून! इकडे! ड्रायव्हरदादा, इकडे! अहो, कठड्यावरून उतरा सगळे, तिला वळायला जागा द्या!

सासरे : चढली गं! कशी चढली बघ! धाप न लागता! माझ्यापेक्षा बरी चढली!

मावशी : निळी आहे होय? मला नुसतं पांढरं काहीतरी मोठं येताना दिसतंय. पट्टी निघाली की सांगते कोणता रंग ते. पायरी कुठाय?

नगरसेविका : हा माझा हात धरा. एक. दोन. बास, दोनच. आत आलात.

मावशी : दोनच?

नगरसेविका : दोनच, मावशी. मामंजी, तुम्हीपण चढा. मावशींबरोबर दवाखान्यात थांबा. नात शाळेत गेली असेल.

सासरे : थांबतो. शिक्षा म्हणून थांबतो. आणि तू?

नगरसेविका : मला साहेबांना पत्र लिहायचंय. आणि माझ्यामुळे एक जागा कशाला अडवायची? दादा, निघा! मोठ्या दवाखान्यापर्यंत कुठे रेंगाळू नका हं! आणि परतीच्या फेरीला त्यांना घ्यायला विसरू नका!

*

सासरे : हॅलो, सूनबाई? ऐकू येतंय का? मी बोलतोय.

नगरसेविका : मामंजी! पावणेदोन झाले! किती फोन लावले मी. काय झालं?

सासरे : दवाखान्यात फोन बंद करायला लावतात गं. झालं ऑपरेशन. आत नेलं, आणि माझा पेपर वाचून व्हायच्या आत बाहेर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अगदी छान झालं. उद्या पट्टी काढायला बोलावलंय. बाईंना मावशींनी आधी काय विचारलं असेल? "सुई ओवता येईल ना?"

नगरसेविका : आणि परत? बस मिळाली?

सासरे : मिळाली म्हणजे? दवाखान्यासमोर उभीच होती. गच्च भरलेली! वरच्या आळीला आज खाली एवढी कामं कुठून निघाली कोण जाणे. काहीजण नुसतेच बसले होते, उतरायला तयार नव्हते. चढावर मध्येच थांबली. म्हटलं, गेली सगळी अब्रू. तर ड्रायव्हरनं एका आजोबांची टोपी उडाली म्हणून थांबवली होती.

नगरसेविका : अहो, असं घाबरवू नका हो!

सासरे : एक ऐक. बसमध्ये बसल्या-बसल्या मी पुढचं पत्रक मनात जुळवलं. यावेळी चार रकाने. चौथा ‘चुकलं’. त्यात एक ओळ. "बस सुरू होण्याआधीच तशी बातमी छापली. चूक जुळाऱ्याची."

नगरसेविका : एकच ओळ? आणि खाली सगळा पांढरा कागद? बघवेल तुम्हाला?

सासरे : नाही बघवणार. पण हात लावणार नाही मी त्याला. तो रकाना जितका आखूड राहील तितका बरा. घे, मावशींना बोलायचंय तुझ्याशी. केव्हाच्या हात पुढे करून बसल्यात.

मावशी : पोरी?

नगरसेविका : बोला मावशी! दुखतंय का? कुठे आहात?

मावशी : घरी. माझ्या खाटेवर. दुखत नाही गं, जरा चुरचुरतंय. गाडीनं दाराशी सोडलं आणि आत आले. नातीला हाक मारायला तोंड उघडलं, आणि सवयीनं म्हणणार होते, दोनशे बेचाळीस झाल्या गं बाई, पाणी आण.

नगरसेविका : मग?

मावशी : मग काय. दोनच झाल्या होत्या. पाणी नकोच वाटलं.

नगरसेविका : मावशी, जरा मामंजींना फोन द्या.

सासरे : हां, बोल.

नगरसेविका : पुढच्या पत्रकात ती बसची ओळ आहे तिथेच राहू द्या, मामंजी. आता झालं.